शोधयंत्रांची क्रमवारी आणि संकेतस्थळधारक : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९४ ते २०२५)

प्रस्तावना

पेशवेकालीन महाराष्ट्रात जमीन कसणाऱ्या रयतेचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे. सारा भरीत असेपर्यंत त्याला कोणी काढू शकत नसे आणि दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क सहसा मानला जाई. उपरी मात्र मुदतीच्या कौलावर जमीन कसत असे. चांगल्या वर्षी दोघांच्या शेतात पीक सारखेच येई. फरक जाणवे तो वाईट दिवसांत.

महाजालावर स्वतःचे संकेतस्थळ चालविणारा मनुष्य या दोहोंपैकी कोणत्या वर्गात मोडतो, असा प्रश्न गेल्या तीस वर्षांच्या घडामोडी पाहताना उपस्थित होतो. संकेतस्थळाचे नाव त्याने विकत घेतलेले असते, मजकूर त्याचा असतो, सर्व्हरचे भाडेही तोच भरतो. त्यामुळे तो स्वतःला मिरासदार समजतो. परंतु त्याच्याकडे येणारा वाचक वा ग्राहक बहुधा शोधयंत्राच्या वाटेने येतो आणि त्या वाटेवर कोणाचे नाव आधी दिसावे हे ठरविणे सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असते. क्रमवारी बदलली की एका रात्रीत वर्दळ थांबते. उपऱ्याला निदान कौलाच्या अटी ठाऊक असत; येथे तेवढीही सोय नाही.

प्रस्तुत लेखात संकेतस्थळधारकांनी या बदलांना कसे तोंड दिले, याचा कालानुक्रमे मागोवा घेतला आहे. शोधयंत्राने दिलेला क्रमांक हा कायद्याच्या दृष्टीने केवळ एक मत ठरला, व्यवहारात मात्र तो हजारो लोकांच्या उपजीविकेचा आधार बनला. या दोहोंतील अंतर संकेतस्थळधारकांनी कधी युक्तीने, कधी अर्जविनंतीने, तर कधी फिर्यादीने भरून काढण्याचा प्रयत्न केला. या विषयाची साधने मात्र एकसारखी विश्वसनीय नाहीत. कंपन्यांची निवेदने त्रोटक आणि सावध असतात, तर नुकसान झालेल्यांच्या तक्रारी स्वाभाविकच एकतर्फी असतात. म्हणून जेथे न्यायालयीन वा शासकीय कागदपत्रे उपलब्ध आहेत, त्या प्रकरणांना येथे अधिक जागा दिली आहे.

सूचीपासून क्रमवारीपर्यंत

१९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली याहू ही मुळात माणसांनी तयार केलेली विषयवार सूची होती. सूचीतील नावे वर्णानुक्रमे लागत. साहजिकच काही व्यावसायिकांनी आपल्या संकेतस्थळाचे नाव इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने सुरू होईल अशी तजवीज केली. टेलिफोन डिरेक्टरीत नाव वर यावे म्हणून दुकानदार जी युक्ती करीत, तीच येथे आली.

डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र खुले केले आणि चित्र पालटले. हे यंत्र पानावरील शब्द वाचून क्रम लावीत असे. त्यामुळे एकच शब्द पानात पन्नास वेळा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा दडविणे, पानाच्या अदृश्य भागात न विकल्या जाणाऱ्या वस्तूंचीही नावे भरणे असे प्रकार सर्रास होऊ लागले. यात लबाडी होती हे खरे. पण नियम काय आहे हे संकेतस्थळधारकाला समजत होते, हेही तितकेच खरे. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू या शोधयंत्राने तर क्रमांक उघडपणे विकावयास काढले. जो अधिक पैसे देईल तो वर. या व्यवहारावर त्या काळी पुष्कळ टीका झाली, तथापि त्यात आडपडदा नव्हता, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल.

सर्गी ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात वेगळी कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे दुसऱ्या पानांवरून किती दुवे येतात आणि ते दुवे देणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचे महत्त्व मोजावयाचे. या मोजमापाला त्यांनी पेजरँक असे नाव दिले. कल्पनेचे मूळ विद्यापीठीय व्यवहारातच होते. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात विज्ञान-नियतकालिकांसाठी संदर्भ-निर्देशांक सुरू केला, तेव्हापासून कोणाच्या लेखाचा किती जणांनी संदर्भ दिला यावरून लेखाची योग्यता जोखण्याची पद्धत रूढ झाली होती. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके एकाच वेळी वगळली गेली. तो दिवस आठवणाऱ्या प्राध्यापकवर्गास पुढील हकिगत अगदीच परकी वाटू नये.) याच निबंधाच्या परिशिष्टात, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकण्याचा संभव असतो, असा इशाराही लेखकद्वयाने दिला होता. पुढे त्यांच्याच कंपनीने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातयोजना सुरू केली.

डिसेंबर २००० मध्ये गूगलने आपली टूलबार पट्टी वितरित केली. तीत प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा मापात हिरव्या रेघेने दिसे. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या सोयीचे परिणाम दूरगामी झाले. आतापर्यंत यंत्राच्या पोटात असलेला अंदाज आता चारचौघांत दिसणारा आकडा झाला आणि आकडा दिसू लागला की त्याचा बाजार भरण्यास वेळ लागत नाही. सात वा आठ पेजरँक असलेल्या पानावरील दुव्याला भाव आला.

फ्लोरिडा : नोव्हेंबर २००३

२००३ पर्यंत गूगलची क्रमवारी साधारणतः महिन्यातून एकदा बदलत असे. बदल सर्व संगणक-केंद्रांवर एकाच वेळी पोहोचत नसल्यामुळे काही दिवस एकाच प्रश्नाला कधी जुनी, तर कधी नवी उत्तरे येत. संकेतस्थळधारक या काळाला ‘गूगल नृत्य’ म्हणत. २००३ च्या आरंभापासून त्यांनी या बदलांना चक्रीवादळांप्रमाणे नावे देण्यास सुरुवात केली. बोस्टन, कॅसँड्रा, डॉमिनिक, एस्मेराल्डा, फ्रिट्झ अशी ती मालिका. ज्या संकटावर आपला काहीच ताबा नाही त्याला नाव देणे, हाही त्याला सामोरे जाण्याचा एक प्रकार होय.

नोव्हेंबर २००३ च्या मध्यास आलेल्या ‘फ्लोरिडा’ने मात्र पूर्वीच्या सर्व बदलांना मागे टाकले. वस्तूंच्या खरेदीशी संबंधित दोन-तीन शब्दांचे शोध घेतले असता आदल्या आठवड्यापर्यंत पहिल्या पानावर असलेली असंख्य संकेतस्थळे पहिल्या शंभरातही दिसेनाशी झाली. वेळ नाताळच्या तोंडावरची. अमेरिकेतील किरकोळ विक्रेत्याच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा वाटा याच पाच-सहा आठवड्यांत येतो. आपल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात बाजारपेठेतील रस्ता खणून ठेवल्यास व्यापाऱ्याची जी अवस्था होईल, तीच या मंडळींची झाली. अनेकांनी हंगामासाठी माल भरून ठेवला होता.

या प्रसंगी संकेतस्थळधारकांनी केलेला शोध मोठा लक्षणीय आहे. शोधशब्दांच्या पुढे वजाबाकीचे चिन्ह लावून एखादा निरर्थक शब्द जोडला असता जुनी क्रमवारी पुन्हा दिसते, असे त्यांच्या ध्यानात आले. निरर्थक शब्द वगळण्याची आज्ञा दिल्याने उत्तर बदलावयास नको. ते बदलते याचा अर्थ मूळ क्रमवारीवर नंतर एक गाळणी बसविली आहे, असा तर्क त्यांनी केला. त्यावरून जुन्या-नव्या क्रमवारींची तुलना करून कोण वगळले गेले याच्या याद्या तयार झाल्या. यंत्राची रचना माहीत नसताना केवळ बाहेरून प्रश्न विचारून आतील व्यवस्थेचा अंदाज बांधण्याची ही रीत एखाद्या प्रयोगशाळेला शोभणारी होती. काही दिवसांतच ती वाट बंद झाली.

याच वेळी एक संशय बळावला. वगळले गेलेले संकेतस्थळधारक नाइलाजाने ॲडवर्ड्सच्या जाहिराती घेतील आणि ऑगस्ट २००४ मध्ये व्हावयाच्या समभागविक्रीपूर्वी कंपनीचे उत्पन्न वाढेल, यासाठीच हा घाट घातला, असे अनेकांचे म्हणणे पडले. या आरोपास पुष्टी देणारा पुरावा पुढे आलेला नाही. दुव्यांचा बाजार आणि शब्दांची ठासणी आवरण्यासाठी कंपनीला काही तरी करणे भागच होते, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. परंतु हेतू शुद्ध असला तरी ज्याचे दुकान बसले त्याला कारण सांगण्याचे, मुदत देण्याचे वा दाद घेण्याचे कोणतेही बंधन कोणावर नव्हते. खरा मुद्दा तोच होता.

न्यायालयाच्या दारात

या मुद्द्याचा निवाडा फ्लोरिडाच्या काही महिने आधीच झाला होता. ओक्लाहोमा सिटी येथील सर्च किंग या कंपनीचे चालक बॉब मासा यांनी ऑगस्ट २००२ मध्ये जाहिरातींची एक दलाली सुरू केली. ज्या संकेतस्थळाचा पेजरँक अधिक, त्यावरील जाहिरातीचा दर अधिक, असे तिचे स्वरूप होते. थोड्याच दिवसांत सर्च किंगचा स्वतःचा पेजरँक आठवरून चारवर आला. ऑक्टोबर २००२ मध्ये कंपनीने पश्चिम ओक्लाहोमाच्या संघीय जिल्हा न्यायालयात गूगलविरुद्ध दावा दाखल केला.

न्यायाधीश व्हिकी माइल्स-लाग्रेंज यांनी २७ मे २००३ रोजी हा दावा फेटाळला. पेजरँक हे अमुक संकेतस्थळ अमुक शोधासाठी किती महत्त्वाचे आहे याविषयीचे मत आहे. ते खरे की खोटे हे सिद्ध करता येत नाही, म्हणून अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने मतस्वातंत्र्याला दिलेले संरक्षण त्याला लागू होते, असा निर्णयाचा आशय होता. क्रमांक मुद्दाम खाली आणला असे गृहीत धरले तरी निष्कर्षात फरक पडत नव्हता. यासाठी न्यायालयाने जेफरसन परगण्यातील शालेय मंडळाने मूडीज या पतमापन संस्थेविरुद्ध केलेल्या जुन्या दाव्याचा आधार घेतला. त्या प्रकरणात रोख्यांचे पतमापन हे संरक्षित मत ठरले होते. पतमापन संस्थांची ‘मते’ जगाला केवढ्याला पडू शकतात, याचा अनुभव पुढे २००८ मध्ये आला, हे येथे ओघाने नमूद करावयास हवे.

सर्च किंगचा व्यवसायच पेजरँक विकण्याचा असल्याने त्या दाव्याविषयी फारशी सहानुभूती कोणाला वाटली नाही. किंडरस्टार्टचे प्रकरण तसे नव्हते. लहान मुलांच्या पालकांसाठी माहितीची सूची देणारे हे कॅलिफोर्नियातील संकेतस्थळ. मार्च २००५ पासून आपली वर्दळ ७० टक्क्यांहून अधिक घटली, जाहिरातींचे उत्पन्न सुमारे ८० टक्क्यांनी बुडाले आणि पेजरँक शून्य दाखविला जाऊ लागला, असे त्याचे म्हणणे होते. मार्च २००६ मध्ये त्याने इतर संकेतस्थळधारकांच्या वतीनेही दावा मांडला. मक्तेदारी, अब्रुनुकसानी, भाषणस्वातंत्र्याचा भंग असे अनेक मुद्दे त्यात होते. न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी १६ मार्च २००७ रोजी तो अंतिमतः फेटाळला. एवढेच नव्हे, तर आधार नसलेले आरोप केल्याबद्दल वादीच्या वकिलावर दंडात्मक कारवाई मान्य केली. त्यानंतर अमेरिकेतील लहान संकेतस्थळधारकांना न्यायालयाची वाट जवळजवळ बंद झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

हे निकाल चुकीचे होते असे सरसकट म्हणता येणार नाही. शोधयंत्राने कोणाला वर ठेवावे हे न्यायालये ठरवू लागली, तर प्रत्येक अकरावा आलेला मनुष्य फिर्यादी होईल. तथापि मत या शब्दाने एक महत्त्वाची बाब झाकली गेली. वृत्तपत्रातील नाटकाचे परीक्षण हेही मतच असते. परंतु परीक्षण प्रतिकूल आल्याने नाट्यगृहाचा रस्ता नाहीसा होत नाही.

मोठ्यांस शिक्षा, लहानांस शिक्षा

फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकले. शोधयंत्राला एक पान दाखवावयाचे आणि माणसाला दुसऱ्याच पानावर न्यावयाचे, असा प्रकार तेथे आढळला होता. कंपनीने ती पाने काढली आणि काही दिवसांतच संकेतस्थळ पूर्ववत झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रीसाखळीसाठी असंबद्ध पानांवर हजारो दुवे पेरले गेल्याचे उघडकीस आणले. तेव्हा एका प्रवासी बॅगेच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. सुमारे तीन महिन्यांनी तिचीही शिक्षा संपली.

याच्या शेजारी इंग्लंडमधील फाउंडेमचे प्रकरण ठेवून पाहावे. ॲडम व शिवॉन रॅफ या दांपत्याने वस्तूंच्या किमतींची तुलना करून देणारे हे संकेतस्थळ उभारले. जून २००६ मध्ये, खुले झाल्यानंतर अगदी अल्पावधीत, ते गूगलच्या क्रमवारीत तळाशी गेले. इतर शोधयंत्रांत ते ठीक दिसत होते. गूगलच्या स्वयंचलित दंडातून सुटण्यास डिसेंबर २००९ उजाडला. त्याआधी महिनाभर रॅफ दांपत्याने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती. गूगल स्वतःची किंमत-तुलना सेवा ठळकपणे वर दाखविते आणि प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलते, हा तिचा गाभा. नोव्हेंबर २०१० मध्ये आयोगाने चौकशी सुरू केली. २७ जून २०१७ रोजी गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अखेर १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयांनी तो कायम केला. तक्रारदार पूर्णपणे जिंकला होता. मात्र फाउंडेम हे संकेतस्थळ २०१६ मध्येच बंद पडले होते.

भारतातील प्रकरण याच काळातले. भारत मॅट्रिमोनी चालविणारी कन्सिम इन्फो ही कंपनी आणि जयपूरची कट्स ही ग्राहकसंस्था यांच्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. विमानप्रवासाच्या शोधात स्वतःची पेटी ठळक जागी दाखविणे हे वर्चस्वाचा गैरवापर असल्याचे आयोगाने बहुमताने मानले. अन्य अनेक आरोप मात्र त्याने मान्य केले नाहीत.

मराठी संकेतस्थळधारकांची अडचण दीर्घकाळ निराळीच होती. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात मराठी वृत्तपत्रांची अनेक संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये असत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले हे फाँट वाचकाच्या डोळ्यांना मराठी दिसत. शोधयंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाटे. त्या पानांवरील लेख कोणत्याही मराठी शब्दाने शोधून सापडणे अशक्य होते. अमेरिकेतील दुकानदार क्रमांक घसरला म्हणून हवालदिल झाला होता, त्या काळात मराठी मजकुराचा मोठा भाग क्रमवारीत उतरलाच नव्हता. युनिकोडचा प्रसार झाल्यावर हे चित्र बदलले. त्याआधीचा पुष्कळ मजकूर मात्र आजही कोणत्याही शोधात येत नाही.

पांडा आणि पेंग्विन

२०११ पर्यंत शोधयंत्राला आवडेल असा मजकूर घाऊक प्रमाणात तयार करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. लोक काय शोधतात याचे आकडे पाहावयाचे, त्या प्रश्नावर थोडक्या मोबदल्यात लेख लिहवून घ्यावयाचा आणि बाजूला जाहिरात लावावयाची, हा त्यांचा धंदा. ईहाऊ चालविणाऱ्या डिमांड मीडियाचे समभाग २६ जानेवारी २०११ रोजी न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात आले, तेव्हा तिचे बाजारमूल्य दीड अब्ज डॉलरच्या घरात गेले. अवघ्या महिनाभराने, २४ फेब्रुवारीस, गूगलने नवा बदल जाहीर केला. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल, असे कंपनीनेच सांगितले. नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून त्याला पांडा म्हणतात. शोध विभागाचे प्रमुख अमित सिंघल हे मूळचे झाशीचे, रुडकीस शिकलेले. ११ एप्रिलला हा बदल जगभरच्या इंग्रजी शोधांना लागू झाला.

पांडाचे वैशिष्ट्य असे की तो पानाला नव्हे, तर साऱ्या संकेतस्थळाला जोखत होता. काही पाने निकृष्ट असली तर चांगल्या पानांनाही त्याची झळ लागे. मे २०११ मध्ये सिंघल यांनी संकेतस्थळधारकांसाठी २३ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. हा लेख जाणकाराने लिहिला आहे काय, यावर तुम्ही आपल्या बँक-कार्डाचा तपशील विश्वासाने द्याल काय, अशा धाटणीचे ते प्रश्न होते. प्रश्न चांगले होते, परंतु उत्तरे कोण तपासणार आणि किती गुण मिळाल्यावर सुटका होणार हे त्यात नव्हते. परिणामी अनेकांनी आपल्याच लेखांची हजारो पाने स्वहस्ते काढून टाकली. हबपेजेस या संकेतस्थळाने वेगळा मार्ग काढला. तेथे अनेक हौशी लेखक लिहीत. जून-जुलै २०११ मध्ये प्रत्येक लेखकाला स्वतंत्र उपपत्ता देण्यात आला, जेणेकरून एकाच्या कमअस्सल लेखनाचा भार दुसऱ्यावर पडू नये. काही लेखकांची वर्दळ त्यानंतर परतली. एकत्र कुटुंबातील वाटणीसारखाच हा तोडगा होता.

२४ एप्रिल २०१२ रोजी आलेल्या पेंग्विनचा रोख दुव्यांवर होता आणि सुमारे ३.१ टक्के इंग्रजी शोधांवर त्याचा परिणाम झाला. येथे अडचण अधिक चमत्कारिक होती. मजकूर स्वतःचा असतो, तो बदलता येतो; दुवे मात्र दुसऱ्याच्या पानावर असतात. दहा वर्षांपूर्वी पैसे देऊन मिळविलेले दुवे काढून टाका, अशी पत्रे आता संकेतस्थळधारक अनोळखी लोकांना पाठवू लागले. दुवा लावण्याचे पैसे घेणाऱ्यांपैकी काहींनी तो काढण्याचेही पैसे मागितले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने अमुक दुवे आमचे समजू नका, असे कळविण्याची सोय दिली. पण नुसते कळविल्याने भागत नसे. पेंग्विन पुन्हा चालविला जाईपर्यंत सुटका नसे. ऑक्टोबर २०१४ नंतरची पुढची मोठी फेरी २३ सप्टेंबर २०१६ ला झाली. म्हणजे दोष दूर केल्यावरही काहींना जवळजवळ दोन वर्षे तिष्ठत बसावे लागले. २०१६ मध्येच टूलबारमधील पेजरँकची हिरवी रेघही कायमची मावळली.

दोषी कोण आणि निर्दोष कोण, हा भेद करणे या काळात अवघड झाले. मॅट हॉही यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या मेटाफिल्टरवर ना विकत घेतलेले दुवे होते, ना घाऊक लेख. सदस्यांच्या प्रश्नांना सदस्यच उत्तरे देत आणि पगारी नियंत्रक ती नीट राखीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका दिवसात त्याची वर्दळ सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. मे २०१४ मध्ये तीन नियंत्रकांना कामावरून कमी करावे लागले. गूगलमध्ये संकेतस्थळधारकांशी बोलणारे मॅट कट्स यांनी हे संकेतस्थळ बदलामुळे बाधित झाल्याचे त्यानंतर मान्य केले.

२०२२ नंतर

पुढील काळात बदलांची संख्या इतकी वाढली की प्रत्येकाची नोंद घेणे निरर्थक ठरावे. उल्लेखनीय ती एक नियुक्ती. १९९६ पासून संकेतस्थळधारकांना शोधयंत्रांचे वर्तन समजावून सांगणारे पत्रकार डॅनी सुलिव्हन हे २०१७ मध्ये गूगलच्या सेवेत गेले आणि कंपनीची बाजू त्याच वाचकवर्गाला सांगू लागले.

ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलने ‘उपयुक्त मजकूर’ या नावाने नवी व्यवस्था आणली. सप्टेंबर २०२३ मधील तिच्या फेरीने प्रवास, पाककृती, वस्तूंचे परीक्षण अशा विषयांवरील अनेक लहान, स्वतंत्र संकेतस्थळांची वर्दळ कोसळली. हवा शुद्ध करणारी यंत्रे स्वतः तपासून त्यांवर लिहिणाऱ्या हाउसफ्रेश या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रत्यक्ष चाचणी न करणाऱ्या मोठ्या मासिकांच्या याद्या आपल्या वर कशा दिसतात, हे उदाहरणांसह मांडले. मार्च २०२४ मध्ये ही व्यवस्था मूळ क्रमवारीतच विलीन झाली. त्यामुळे आपणास नेमके कशाने फटका बसला हे सांगणे आणखी कठीण झाले.

याच सुमारास यंत्राच्या आतील थोडे दर्शन घडले. अमेरिकी न्याय खात्याच्या दाव्यात गूगलचे पांडू नायक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये साक्ष दिली. लोक कोणत्या उत्तरावर टिचकी मारतात याची तेरा महिन्यांची नोंद क्रमवारीसाठी वापरली जाते, असे तीतून पुढे आले. संकेतस्थळधारक वर्षानुवर्षे हा अंदाज बांधीत होते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकविली असा निर्णय दिला. पण तो खटला फोन व ब्राउझरमध्ये गूगलला मूळ शोधयंत्र म्हणून बसविण्याच्या करारांविषयी होता; कोणा संकेतस्थळाचा क्रमांक योग्य की अयोग्य, हा त्याचा विषयच नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने अशा फटका बसलेल्या सुमारे वीस संकेतस्थळधारकांना आपल्या कॅलिफोर्नियातील मुख्यालयात बोलावले. उपस्थितांपैकी काहींनी नंतर लिहिलेल्या वृत्तान्तांनुसार, तुमच्या मजकुरात दोष नाही असे त्यांना सांगण्यात आले. वर्दळ परत येईल असे आश्वासन मात्र मिळाले नाही. चुकी असती तर ती दुरुस्त करता आली असती, त्यामुळे हे उत्तर त्यांना दोषारोपापेक्षाही जड गेले असल्यास नवल नाही.

मे २०२४ पासून अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलने अनेक शोधांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले तयार उत्तर दाखविण्यास प्रारंभ केला. त्याच्या खाली पहिला क्रमांक मिळाला तरी वाचक येईलच असे राहिले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेग या शैक्षणिक कंपनीने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रोलिंग स्टोन, बिलबोर्ड ही नियतकालिके प्रसिद्ध करणाऱ्या पेन्स्के मीडियाने गूगलविरुद्ध वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात फिर्यादी दाखल केल्या. सर्च किंगची तक्रार आठाचे चार झाले अशी होती. या दोन फिर्यादींत क्रमांकाचा वाद नाही. आपल्याच मजकुरावरून तयार केलेले उत्तर वाचून वाचक तेथूनच परत फिरतो, असे त्यांचे म्हणणे आहे.